अठरा एमएम

सुरगाण्याकडच्या उपकेंद्रातलं रजिस्टर माझं.
ओळ सतरा: जयवंती रामा भोये, वय तेवीस, चौथी खेप,
आणि शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात,
लाल शाईनं: स्थलांतरित.
हा शब्द लिहिला की वरून कुणी विचारत नाही.
बाई यादीतून उतरते,
एसटीतून उतरावी तशी, रात्री, कुठल्यातरी फाट्यावर.

पण तिचं हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ होतं.
ते काही उतरेना माझ्या डोक्यातून.

रविवारी दिंडोरीची गाडी धरली.
पिशवीत टेप, बीपीचं मशीन, लोहाच्या गोळ्या, भाकरी.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा,
आणि बागांत धूर:
थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून
रात्रभर पेटवलेल्या शेकोट्या.

मुकादम म्हणाला, कोणती जयवंती? तिघी आहेत.
पोटुशी?
मग दोघी.

सुपरवायझरच्या हातात भोकांची प्लास्टिकपट्टी.
अठराच्या भोकातून जो मणी निसटला
तो लोकल मार्केटचा.
त्याच्या वहीत सगळं होतं: रांग, झाड,
झाडाला घड किती, घडात मणी किती,
कुठल्या तारखेला कुठली बुडवणी.
मी विचारलं, दादा, हिला कितवा महिना?
त्यानं वही चाळली.
खरंच चाळली.

सातव्या रांगेत, मांडवाखाली, दोन क्रेट जोडून
तिला आडवं केलं. वर घड, कागदात गुंडाळलेले.
टेप पोटावर ठेवली. एकतीस सेंटिमीटर.
ती म्हणाली, बाई, माल एक्स्पोर्टचा हाय का?
आणि हसली, तेव्हा हिरड्या दिसल्या,
कागदासारख्या.

आधी किती झाली?
तीन झाली, दोन हायेत.
मधलं घाटात गेलं, जीप बंद पडली.
मी नाही मेले,
म्हणून कुणी लिहून नाही घेतलं.

खाली बाळाचे ठोके ऐकले. मांडवावर पोपट ओरडत होते,
त्यांना हाकलायला कुणीतरी डबा वाजवत होतं.
दोनदा मोजावे लागले.

दिंडोरीच्या शेवाळे सिस्टरना फोन लावला.
त्या म्हणाल्या, ती तुमच्या हद्दीतली.
मी म्हटलं, पोट तुमच्या हद्दीत आहे.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, मंगळवारी पाठवा. आयर्नची इंजेक्शनं आलीत.

राहिला खाडा. उचल तीस हजारांची,
पाच मंगळवार म्हणजे पाच हजेऱ्या.
मी मुकादमाशी भांडले, आवाज चढवला,
कायद्याचं नाव घेतलं, जो मला नीट पाठही नाही.
त्याच्यावर काही परिणाम झाला नाही.
ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या मालकीणबाई
मान वर न करता म्हणाल्या,
खाडा धरू नका तिचा.
आमच्या सुनेला नाशकात चार बाटल्या रक्त लागलं होतं.
स्कूटीवर मी नेईन.
चार वेळा नेलं. पाचव्या मंगळवारी
माल भरायचा होता, कंटेनर उभा.
जयवंती चालत गेली.

शिमग्याला घरी जायचं म्हणत होती.
तीन दिवस आधी, पहाटे सव्वातीनला,
अनोळखी नंबर. मी आधी घड्याळ पाहिलं,
मग देवाचं नाव, मग फोन.
दिंडोरीचं ग्रामीण रुग्णालय. मुलगी.
दोन किलो सहाशे. रक्तस्राव बेताचा.
मागून तिचा आवाज:
सांगा बाईंना, अठरा एमएमच्या वर हाय.

सोमवारी मी ओळ सतरा पूर्ण केली.
तिकडं शेवाळे सिस्टरनीही नोंद केलेली.
ऑनलाइन भरताना पडद्यावर लाल पट्टी आली:
सदर लाभार्थी दोन ठिकाणी आढळली,
एक नोंद वगळा.

बोट बटणापर्यंत गेलं.
जिला घाटात कुणी एकदाही मोजलं नव्हतं, ती दोनदा.
मी चहा ठेवायला उठले.
पट्टी तशीच आहे अजून.
तालुक्याहून फोन येईल, तेव्हा बघू.