घट

गुळाच्या रव्याचं वजन
मी नुसता हात लावून सांगतो.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात तोलार आहे.
आधी मी बोलतो, काटा नंतर.
तीस किलोचा रवा ओला असला
तर चार दिवसांत सुकतो, हलका होतो.
त्याला घट म्हणायचं
आणि वहीत वेगळ्या रकान्यात मांडायचं.
गेलं ते पाणी. गूळ तेवढाच.

सन्मती बारावीत होती तेव्हा
सौद्याच्या दिवशी माझा डबा घेऊन आली.
हमाल म्हणाले, पोरीला चढवा की काट्यावर.
चढली. हसत होती.
आणि मी पुकारलं, सौद्यात पुकारतात तसं,
अडीच रवे!
अख्खं दुकान हसलं.
तीही हसली, डबा ठेवून गेली.
मी पिठलं-भाकरी खाल्ली आणि विसरलो.

ती विसरली नव्हती.
हे मला सहा वर्षांनी, सीपीआरच्या जिन्यात कळलं.

इचलकरंजीचं स्थळ आलं होतं.
त्यांनी काहीच मागितलं नव्हतं,
फक्त एक फोटो परत मागवला,
उभा, पायापर्यंतचा.

राजारामपुरीत तिच्या क्लासखालीच मेडिकल.
हिरवी डबी, वर पानाचं चित्र, साठ गोळ्या,
चिठ्ठी लागत नाही.
संपूर्ण नैसर्गिक, असं लिहिलेलं.
धोतराही नैसर्गिकच असतो,
पण ते मला तेव्हा कुठं सुचायला.

पाच आठवड्यांत नऊ किलो.
तिची आई दर रविवारी ड्रेसला एक टाका आवळायची
आणि शेजारणीला दाखवायची.
पेढे मीच आणले.
ती एकही खाईना. तोंडाला कोरड, म्हणायची.
रात्री दोनला उठून घासलेली भांडी पुन्हा घासायची.
एकदा म्हणाली, बाबा, छातीत हलगी वाजतीया.
मी म्हटलं, लग्नाचं नाव काढलं की
सगळ्यांच्याच वाजते.

दसरा चौकात रिक्षातून उतरली
आणि पाय तिथंच मुडपले.
चप्पल एक रिक्षात राहिली, एक रस्त्यावर.

डॉक्टर माझ्या पोरीच्याच वयाचा.
डबी उजेडाकडं धरून सगळं वाचलं,
मग म्हणाला, काका, आत जे आहे
ते वर लिहिलेलं असेलच असं नाही.
पाणी गेलंय अंगातलं,
त्याच्याबरोबर पोटॅशियम गेलंय.
काळजाचा ठोका त्यावर चालतो.
मी विचारलं, केळ्यात असतं ते?
म्हणाला, हो, तेच.
पाण्याबरोबर गूळही जातो,
एकतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मेडिकलात गेलो, भांडायला.
तो म्हणाला, लई बायका नेतात,
आजवर कुणाची तक्रार नाही.
फळीवर सात डब्या होत्या.
काय झालं कुणास ठाऊक, मी सातही विकत घेतल्या.
पंचगंगेच्या पुलावर गेलो, पिशवी कठड्यावर ठेवली.
खाली मासे असतील, असं वाटलं
आणि घरी घेऊन आलो.
कपाटावर आहेत अजून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
पुढच्या गुरुवारी त्याच्या फळीवर आठ होत्या.

घरी सोडायच्या दिवशी
सिस्टरनं तिला काट्यावर उभं केलं.
काका, बघा बघा, किती आलं.
मी पाठ केली.
मागून सन्मती म्हणाली,
पुकारा की, बाबा.

चेष्टेनं म्हणाली की कसं,
तिचा चेहरा मला दिसत नव्हता.
तोंड उघडलं तर आकडाच येईना.
खिडकीखाली गाडीवाला ओरडत होता,
केळी चाळीस, केळी चाळीस डझन.