येतानाची पिशवी

लोट्याच्या लॅबमध्ये, माझ्या लॉकरात,
ऍप्रनखाली एक सॅक भरून ठेवलीय.
शिट्टी, दोरी, टॉर्च, भाजलेले चणे,
मिठाची पुडी, जळवांसाठी.
लॅबच्या काट्यावर तीन किलो दोनशे.

"ट्रेकला चाललीस काय गो?" बेंडखळे हसले.
आठवड्याने हळूच विचारलं,
शिट्टी कुठून घेतलीस.

घाट बंद झाला तर देवळाकडच्या पाखाडीने उतरायचं,
मग पूल.
असला तर.

फोन मेला तर म्हणून नंबर कागदावर उतरवायला बसले,
पाठ निघाला एकच:
आमच्या लँडलाइनचा,
ती काढून दहा वर्षं झाली.

चिपळुणात आईचीही एक पिशवी आहे, दाराआड खुंटीला.
बाबांच्या इन्सुलिनचा थर्मास, सातबारा,
माझी दहावीची मार्कशीट, का कोण जाणे.
तिची निघण्यासाठी, माझी पोचण्यासाठी.
परवा जेवताना घास तसाच राहिला हातात:
मी पोचेन, आणि ती निघालेली असेल.

मग ठरलं. मुकादमांची गच्ची, नाहीतर शाळा.
"दोन्हीकडे नसलात तर?"
"भिंतीवर लिहून जाऊ," बाबा म्हणाले,
भाताचं शीत ताटाच्या कडेला सारत.

लाल ऑइलपेंटच्या दोन डब्या आणल्या.
एक तिच्यात, एक माझ्यात.
तीन किलो चारशे.

संध्याकाळी जागा बघत होतो.
गेल्या पुराची रेघ चौकटीच्याही वर, वीतभर.
आईने टाचा उचलल्या, ब्रश धरून बघितला.
"पोचत नाय," ती म्हणाली,
"आता स्टूल पण भर."