शेऱ्याचा रकाना

गोखलेनगरच्या चढावर, दुसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
पंखा तीनवर अडकलेला.
समोर कक्ष क्रमांक एकशे सत्तेचाळीस:
दोनशे अकरा हेक्टर, उतार तीव्र, माती उथळ,
आणि पुढची दहा वर्षं,
जी मला येत्या शुक्रवारपर्यंत लिहून द्यायची आहेत.

आमच्याकडे भविष्यकाळ कर्मणी चालतो.
जाळरेषा काढण्यात येतील.
चराई नियंत्रित करण्यात येईल.
रिकाम्या जागी स्थानिक प्रजाती लावण्यात येतील.
कोण काढणार, कोण लावणार
ते वाक्यात कुठे सापडत नाही.
ते सापडतं मोसे खोऱ्यात, फेब्रुवारीच्या उन्हात:
ज्ञानोबा कडू, वनरक्षक,
सातशे हेक्टरला एक माणूस,
उजव्या बुटाचा तळ सुतळीनं बांधलेला.

कपाटात जुन्या आयोजना आहेत. कसर लागलेल्या.
बासष्ट सालच्या वहीत कुणा य. रा. भडकमकरांचं
मोत्यासारखं अक्षर:
'किरकोळ व निरुपयोगी – गेळा, अंजनी, पिसा, कारवी.'
आणि खाली, तितक्याच सुंदर अक्षरात,
'कोळशासाठीचा साठा तीस वर्षे पुरेल.'
अकरा पुरला.
मी त्यांच्यावर हसले नाही.
माझं अक्षर तर चांगलंही नाही.

नमुना प्लॉट आम्ही दोरी ताणून आखला.
झाडाचा घेर मोजायचा एक मीटर सदतीसवर,
छातीइतकी उंची म्हणतात तिला.
ठकूबाई मरगळेच्या ती ओठांशी आली.
धनगरवाड्यावरून ती नुसती बघायला आली होती,
शेळ्या वर सोडून,
जिथं सोडू नयेत असं मीच लिहिणार होते.

'काय करताय?'
'दहा वर्षांचं नियोजन.'
तिनं बोटं मोडली. मनातल्या मनात काही जुळवलं.
'मग त्यात कारवी एकदा फुलती का दोनदा?'

माझ्याकडे उतार होता, घेर होता,
हेक्टरी खोडं होती, मातीची खोली सेंटिमीटरमध्ये.
कारवी मागच्या खेपेला कधी फुलली
हे एकाही तक्त्यात नव्हतं.
कडूंनी टोपी काढून डोकं खाजवलं.
'थोरलीला बालवाडीत घातली, त्या साली. सगळा डोंगर निळा.
मधाला हात लावायची सोय नव्हती, इतक्या माशा.'
'थोरली आता कितवीत?'
'सहावीला.'
मग आम्ही तिघं दोरीपाशी उभं राहून
एका मुलीच्या शाळेवरून जंगलाचं वय काढत बसलो.

आठव्या वर्षी फुलते, आणि फुलली की मरते.
त्याच पावसाळ्यानंतर बी तडतडतं, खाली पडतं,
आणि नेमक्या तेव्हाच
कुडासाठी वाळलेल्या काठ्या न्यायला माणसं येतात,
बियांवर पाय देत.
साहेब तीन वर्षांनी बदलतात.
मी सहा वर्षांनी घरी बसेन.
कुणाच्याच नोकरीत ती दोनदा मावत नाही.

पुण्यात परतले. माठातलं पाणी प्यायले.
त्याच खोऱ्यातलं असणार, धरणातून, कालव्यातून,
नळातून आलेलं, क्लोरीनचा वास असलेलं.
आयोजनेत त्याचा उल्लेख एका ओळीत आहे:
'जलसंधारणास अनुकूल.'

गुरुवारी रात्री आठ वाजता
एकशे सत्तेचाळीसच्या शेऱ्यात मी लिहिलं:
'कारवीचा बहर आयोजनेच्या तिसऱ्या वर्षी अपेक्षित.
बी पडून रुजेपर्यंत कुणी कापू नये. शेळ्या खालच्या अंगाला.
तारीख मी ठकूबाई मरगळे यांना विचारून ठरवली आहे.'

साहेबांनी शुक्रवारी लाल पेन घेतलं.
'मी' खोडला. ठकूबाई खोडली.
वर लिहिलं, 'स्थानिक माहितीनुसार ठरविण्यात आली आहे.'
पेन थोडा वेळ कागदावरच होतं.
मग त्यांनी पान उलटलं.

कारवी राहिली.