खापरांच्या टेकडीखाली

नव्व्याण्णव पायऱ्या.
बसयूनी म्हणतो शंभर,
कारण शेवटची कायम पाण्यात असते
आणि ती फक्त त्याच्या अनवाणी तळव्याला ठाऊक.

मधोमध विहिरीसारखी पोकळी.
तिच्यातून दोरांनी सोडायचे मेलेल्यांना,
आणि घरची माणसं भोवतालच्या जिन्याने
गोल गोल उतरत राहायची,
भिंतीतल्या खिडक्यांतून वाकून बघत.
सावकाश रे, कोपर लागू देऊ नकोस भिंतीला
असं कुणीतरी म्हटलंच असणार.
आम्हीही म्हटलं होतं,
आईला चौथ्या मजल्यावरून खाली आणताना.

मी डबा घेऊन उतरते आहे.
वर कर्मूझच्या गल्लीत कलिंगडांची गाडी,
तिला जुंपलेलं, पेंगणारं गाढव,
इस्त्रीवाल्या फर्गलीचा रेडिओ.
तिसाव्या पायरीला रेडिओ संपतो,
साठाव्या पायरीला ऊन.
पुढे नुसता पंप.
अकरा वर्षं माझा भाऊ
या अलेक्झांड्रियाच्या पोटातलं पाणी उपसतो आहे.
समुद्राला दार लागत नाही, म्हणतो.
आता त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागतं.

दगडात द्राक्षांचे घोस. दाढीवाला साप.
कोल्ह्याच्या तोंडाचा देव, अंगावर रोमन शिपायाचं चिलखत,
जुन्या मालकाची चाकरी न सोडता
नव्याचा गणवेश चढवलेला.
बसयूनी त्याला हवालदारसाहेब म्हणतो
आणि रात्रपाळीला सलाम ठोकतो.

अकरा वर्षं हा डबा आईच भरायची.
खाली घास तोंडात घालू नकोस, सांगायची,
तिथल्यांची नजर भुकेली असते,
वर ये, उन्हात बस, मग जेव.
आज चाळीस दिवस झाले.
आज पहिल्यांदा मी रांधलंय:
तळलेली बोई, भात, लोणच्यातलं लिंबू.
भात खाली लागला थोडा.

जेवणघरात शाळेची सहल आली होती.
तिन्ही बाजूंना दगडी ओटे,
बाई सांगत होत्या, इथे लवंडून जेवायचे लोक,
आपल्या माणसाच्या शेजारी, त्याच्या दिवसाला.
एका मुलीने विचारलं,
मग भांडी कोण घासायचं?
पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, कुणीच नाही.
मेलेल्यांसोबत जेवलेली ताटली घरी न्यायची नाही,
इथेच फोडायची.
वर जी टेकडी आहे ना, ती त्याच खापरांची.

सहल गेली.
बसयूनीने हात धुतले, ओट्यावर बसला,
मलाही बस म्हणाला.
आम्ही जेवलो. खालीच.
आईचं ऐकलं नाही,
तिच्याबद्दल बोललोही नाही,
काटे मात्र तिच्यासारखे, पोळीच्या कडेला ओळीने मांडले.

मग वीज गेली.
पंप थांबला आणि अकरा वर्षांनी
खालचं पाणी ऐकू आलं.
जाड काहीतरी, अंधारात कूस बदलणारं.
बसयूनी कुजबुजला. तो कुजबुजला!
म्हणाला, फोड.

डबा होता आइस्क्रीमचा,
आईने कुठल्याशा ईदनंतर धुऊन ठेवलेला,
झाकणावरची स्ट्रॉबेरी घासून घासून गुलाबी धूर झालेली.
मी दगडावर आपटला.
टप्प.
उडून हवालदारसाहेबांच्या पायाशी गेला.
पुन्हा आपटला. पुन्हा टप्प.
बसयूनीला हसू आवरेना,
मलाही,
मग कोण कधी हसायचं थांबलं
ते अंधारात कळलं नाही.

वीज आली. त्याने पंपाला लाथ घातली, पंप धडधडला.
मी डबा उचलला.

नव्व्याण्णव पायऱ्या.
साठाव्याला नाही, वर येताना ऊन चाळिसाव्याला लागतं.
रेडिओवर भाव सांगत होते कांद्याचे.
फर्गलीने इस्त्री उभी करून विचारलं,
रिकामा झाला?
हो, म्हटलं,
आणि झाकण आणखी घट्ट दाबलं.