आधी पाठ दाखव

पिशवी नंतर बघू. आधी पाठ दाखव.
माझ्या दुकानात पाठ दाखवणं म्हणजे
पळून जाणं नव्हे.
मानेखालचं ते उंच हाड, तिथून
कमरेच्या हाडापर्यंत टेप धरतो मी.
साडेसोळा इंच.
मर्ना आयझॅक विचारते, एवढीच?
एवढीच. उंची वेगळी, पाठ वेगळी.

गावाचं नाव टोक, पण टोकाचं इथे काही नाही,
दोन रस्ते भेटतात आणि आपापले निघून जातात.
ऑगस्ट संपत आला की
बर्चची पानं एका रात्रीत पिवळी पडतात
आणि माणसं दुकानात येऊन पट्टे ओढून बघतात,
बैलाचे दात बघावेत तसे.

मर्ना शाळेची बस चालवते.
मूस नेहमी तिचा भाऊ आणायचा.
आता तो उत्तरेला तेलाच्या विहिरींवर,
पैसे पाठवतो. खांदा पाठवता येत नाही.
आणि मावशीचं पॉटलॅच सप्टेंबरात आहे,
दोनशे माणसं जेवतील,
त्यांना दुकानातलं गोमांस वाढायचं?
हे ती बोलली नाही. हे मला गावाने सांगितलं.

ही हिरवी घे, म्हटलं, अठरा खिसे.
ती म्हणाली, मांस खिशात ठेवतात का?
बरोबर आहे.
ही करडी, कापसासारखी हलकी,
पण पन्नास पौंडांवर तिची चौकट वाकते,
आणि मूसची मागची एक तंगडीच
शंभराच्या वर जाते, हाडासकट.

वाळूची पोती घालून दाखवतात दुसरीकडे.
मी रबरी पिशव्यांत पाणी भरतो.
वाळू गप्प बसते. मांस बसत नाही,
ते लोंबतं, डचमळतं,
उतारावर आपल्या आधी निघतं.
म्हणून ओझं पाठीला चिकटून हवं, आणि वर,
खालचा कप्पा रिकामा राहिला तरी चालेल.
पट्टा कमरेच्या हाडावर. आणखी कस.
कंबर कसणे हा नुसता वाक्प्रचार नाही, बाई.
खांद्यांनी फक्त तोल धरायचा.

शेवटी भिंतीवरची जुनी चौकट काढली,
ॲल्युमिनियमची, एका नळीवर वेल्डिंगचा फुगीर डाग.
शेगडीपाशी बसलेल्या अल्बिनने मान वर केली.
त्याचीच ती. गुडघे गेल्यावर विकली मला,
वीस डॉलर आणि एक कुऱ्हाड.
लवकर विकलीस ना, असं कोणी त्याला विचारत नाही.

उभं राहणं शिकव तिला, तो म्हणाला, मला नाही,
शेगडीला म्हणाल्यासारखं.
मग स्वतःच उठला.
बस आधी. पट्टे बसूनच लाव.
आता कुशीवर वळ, गुडघ्यांवर ये,
हात जमिनीवर. घाई नको, कोणी बघत नाही.
एक पाय पुढे. काठीवर भार टाक.
आता.

ती उभी राहिली, नव्वद पौंड पाणी पाठीवर,
आणि दुकानात क्षणभर
फक्त पाण्याचा आवाज.
फळ्या कुरकुरल्या. चेहरा लाल झाला.
कॅनच्या रांगेपर्यंत गेली, वळली, परत आली.
किती, तिने विचारलं.
मी म्हणालो, किंमत की फेऱ्या?

वीस डॉलर. कुऱ्हाड मी सोडली.

सप्टेंबराच्या बावीस तारखेला ती परत आली,
कमरेचं बकल तुटलं होतं, चौथ्या फेरीला.
पुढच्या तीन दोरीवर काढल्या.
दोन्ही हाडांवर जांभळे डाग, म्हणाली, बशीएवढे,
जरा अभिमानानेच.
नवं बकल लावून दिलं.
शिंगं? अल्बिनने विचारलं.
परत गेलेच नाही त्यांच्यासाठी,
पाय उरले नव्हते.

काउंटरवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं तिने,
एक माझ्यासाठी, आणि एक, थोडं जड,
शेगडीच्या बाजूला.
अल्बिनने ते मांडीवर घेतलं,
तोलून बघितलं,
आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.