दहा मिनिटांवरचं गाव

गोव्याचं तिकीट वेटिंगवर सत्तेचाळीस.
गुड फ्रायडेला जोडून तीन दिवसांची सुट्टी,
आणि बॅग तर भरून झालेली.
तेव्हा ब्लांश फोनवर म्हणाली,
मग तीच बॅग घेऊन माझ्याकडं ये.

विक्रीकर भवनापासून म्हातारपाखाडी
चालत दहा मिनिटं.
(पाटी बदलली, आम्ही अजून विक्रीकरच म्हणतो.)
तेवीस वर्षं त्या वळणाशी
मी बसची वाट पाहत उभी राहिले,
आणि एकदाही वळले नाही.
आता चाकांची बॅग खडखडवत वळले,
तर क्रुसाच्या पायरीवरचं मांजर
परगावच्या माणसाकडं बघावं तसं
बघत राहिलं.

"आयलीस गो? आज पेज हाय फक्त."
पेज, वर कैरीची फोड.
खाण्यावर जीव टाकणारं गाव
मी पहिल्यांदा पाहिलं ते उपाशी.
घराघरात काहीतरी मुरत होतं,
पातेल्यावर ताट, ताटावर वरवंटा,
कुणी झाकण उचलत नव्हतं.
सिरक्याचा वास तेवढा
कुणाचं न ऐकता
जिन्यावरून वरखाली करत होता.

शेजारचा ग्रेशस बँडची वाद्यं दुरुस्त करतो.
पितळेला पडलेले पोचे
आतून गोळी फिरवून बाहेर काढतो.
व्हरांड्यात, कपडे वाळत घालायच्या दांडीवर
तीन ट्रॉम्बोन आणि एक टॉवेल.
वाजवा ना, म्हटलं.
"आज नाय. उद्या, रातचे बारा वाजल्यावर."
गावात वाजंत्रीलाही उपास.

शनिवारी काजूच्या मार्झिपानची अंडी
साच्यातून सुटून ताटात आली.
नावं घालायचं काम मला दिलं,
साखरेच्या पाकानं, कागदाच्या सुरळीतून.
ट्रिझा, पास्कू, धाकटा ऑस्विन.
माझं अक्षर सरळ, डावीकडे समास सोडून.
ब्लांशची भाची म्हणाली,
आंटी, ही तर अंड्यांना नोटीस गेली!

संध्याकाळी पाव आणायला गेलो.
बेकरीवाला लिगोरी
माझं आडनाव ऐकून थांबला.
"तळाशिलकर? ‘र’ची शेपटी
पार खालपर्यंत ओढता, त्या?"
साल दोन हजार नऊ. दंड अकराशे चाळीस.
मला त्याचा नंबर लगेच आठवला,
सत्तावीसनं सुरू होणारा, अकरा आकडी.
चेहरा कधी माहीतच नव्हता.
भुवयांवरचं पीठ,
भट्टीच्या धगीनं कायमचा तांबूस झालेला
उजवा गाल,
यातलं काही फायलीत नव्हतं.
आता काय बोलणार?
चार पाव द्या, म्हटलं.
त्यानं पैसे घेतले. पूर्ण घेतले.
खालचा ड्रॉवर उघडून
शिक्का मारलेलं पक्कं बिल फाडून दिलं.
मग पुडीत पाचवा पाव टाकला.
"ह्यो बिलात नाय."

बारा वाजले.
ग्रेशसनं दोन सूर लावले, तिसरा चुकला,
शिवी हासडली, पुन्हा लावला.
खिडक्यांतून भांड्यांचा आवाज,
ताटांवरचे वरवंटे उतरत होते.

रविवारचं नीट सांगता येत नाही.
माडीनं फुगलेल्या पिठाचे फुगे
ब्लांश मुठीतून तेलात सोडत होती,
मी कढईपाशी उभ्यानंच सात खाल्ले,
मग इंद्याल, मग पुन्हा फुगे,
मग दुपार कुठं गेली
ती मांजराला विचारा.

सोमवारी थेट ऑफिस.
बॅग टेबलाखाली सारताना
शिपाई म्हणाला, काय मॅडम, गोवा?
बॅगेतून डोकावणारी बिअरची बाटली
त्यानं पाहिली होती.
तिच्यात लाल मसाला आहे, बूच मेणानं बंद,
हे मी सांगितलं, त्याला पटलं नाही.

लिगोरीचं बिल पाकिटात आहे.
चार पाव, रक्कम बरोबर, सही वाचता येते.
तपासायला काढते
आणि तशीच परत ठेवते.