कच्चा रंग

बाबांचे हात कोपरापर्यंत निळे.
अशोक चौकामागच्या रंगखात्यात एकतीस वर्षं
उकळत्या टाकीतून सुताच्या लडी उचलल्या त्यांनी.
तोंडात शिवी एकच होती:
कच्चा रंग.

आणि मी, राजेशम येमुलांची लेक,
कुंपणावरच्या गोकर्णीची फुलं
प्रयोगशाळेत कोमट पाण्यात पिळते.
मालदांडीचं सत्त्व, चार थेंब ग्लिसरीन,
काचेच्या बशीत ओतून रात्रभर पंख्याखाली.
सकाळी सुटतो एक पापड,
पतंगाच्या कागदाइतका पातळ, निळा.
बाबांना म्हटलं, हा बदलायलाच हवा.
टिकला तर माझं काम फसलं.
ते बशीत चहा ओतत राहिले.

मासळी बाजारात गुणाबाईची पाटी.
उजनीची चिलापी,
रातच्या टेम्पोनं आलेला रत्नागिरीचा बांगडा,
आणि त्रेचाळीस डिग्रीत
भुशाखाली जीव धरून बसलेला बर्फ.
"माझं नाक काय मेलंय व्हय पोरी?
कल्ला उचलला की कळतंय मला."
तरी मी डब्याच्या झाकणाला आतून पट्टी चिकटवली.
अकराला निळी.
एकला निळीच.
साडेतीनला कडेनं हिरवट,
कळकलेल्या पितळेसारखी.
गुणाबाईनं बांगडा उचलला, नाकाशी धरला,
खूप वेळ धरला.
शेजारचा मुन्ना ओरडला, "टाक की मावशी, वास सुटलाय!"
तिनं टाकला.
बोलली काहीच नाही.

पाट्या धुऊन झाल्यावर
तिनं मला खांबाआड ओढलं.
"त्या तापाला दोन सालं झाली.
तवापासून काय येत नाही बघ.
मासा नाही, मोगरा नाही,
परवा गॅस चालू राहिला, तो बी नाही.
कुणाला बोलू नको.
गिऱ्हाईक माझ्या नाकावर येतंय."
मग कमरेची पिशवी सोडत,
"त्या पापडाचं किती घेशील?"

दहा दिले, मोजून.
पैसे नको म्हटलं तर रागावली,
एक मरळ कोंबली माझ्या पिशवीत,
अजून तोंड उघडत मिटत होती.

घरी बाबांनी उरलेला तुकडा उजेडाला धरला.
थुंकी लावून अंगठा घासला, सवयीनं.
अंगठा निळा.
"कच्चा आहे," म्हणाले.

पण मरळ कापल्यावर
डोकं त्यांनी टाकू दिलं नाही.
वाटीत ठेवलं, वर ताटली,
ताटलीला आतून तो तुकडा.
आणि चष्मा पुसून
ओट्याशी स्टूल ओढून बसले,
दर थोड्या वेळानं
ताटली जराशी उचलत.